पीयूसीला निघालेल्या पोरांनो, आता पुस्तक तुम्हालाच वाचायचंय

दहावीचा निकाल लागला की आमच्या बेळगावच्या पश्चिम भागातल्या गावांत बोलणं ठरलेलं असतंय. पोरगं हुशार हाय, सायन्सला घाला. आणि लगेच त्याच्या मागनं, पण मराठी मीडियमचं हाय, इंग्लिश झेपंल काय त्याला? यंदा हे बोलणं आमच्याच घरात सुरू आहे कारण माझा आत्तेभाऊ चांगल्या मार्कांनी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी, पास झालाय, आणि फोन केला की तो एकच विचारतोय, अक्का, इंग्लिश लई अवघड पडतंय काय गे? फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं पण तेवढ्यानं भागणार नाही असं मला वाटतंय, आणि त्याच्यासारखी खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातली कितीतरी पोरं आता जूनमध्ये पीयू कॉलेजला, म्हणजे अकरावी-बारावीला, जाणार आहेत, म्हणून इथं सविस्तर लिहून काढते.

माझं शिक्षण दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत झालं, मग बेळगावात पीयूसी सायन्स, आणि आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सगळ्यातनं मला जे ठामपणे कळलंय ते असं की, अडचण इंग्लिशची असते हे अर्धंच खरं आहे. इंग्लिश शब्द दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतात. खरा बदल दुसराच असतोय. शाळेत आमचं पुस्तक सर वाचायचे, बाई वाचायच्या. कॉलेजात ते आपल्याला वाचायला लागतंय, आणि हे तिथं कुणी तोंडानं सांगत नाही.

आधी जरा मार्कांचा हिशोब बघा, कारण घरच्यांना हा कुणीच समजावून सांगत नाही. माझ्या वेळी एसएसएलसी ६२५ मार्कांची होती. त्यातले मराठीला १२५, इंग्लिश आणि कन्नडला शंभर-शंभर, म्हणजे ३२५ मार्क नुसत्या भाषांचे, निम्म्याहून जास्त. समाज विज्ञान शंभर. आणि ज्याच्या जोरावर सायन्स घ्यायचं ते गणित आणि विज्ञान दोन्ही मिळून २००. त्या विज्ञानाच्या शंभरात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सगळं आलं. आता पीयूसी ६०० मार्कांची, दोन भाषांचे २०० आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजीचे ४००. म्हणजे दहावीत जो भाग एक तृतीयांशापेक्षा कमी होता तो इथं दोन तृतीयांश झाला. दहावीला नव्वद टक्के पडलेल्या पोराला पीयूसीच्या पहिल्या टेस्टला निम्मे मार्क पडले तर ते पोर बिघडलं असं नाही, मोजायची वस्तूच बदललेली असते. ज्या पोराचं मराठी आणि कन्नड चांगलं होतं त्याची टक्केवारी वर गेली होती, त्याची हुशारी खरीच होती, पण सायन्समध्ये तो किती तयार आहे हे त्या टक्केवारीतनं कळत नव्हतं.

शाळेतली पद्धत आठवून बघा. धडा सर मोठ्यानं वाचणार, ओळ न् ओळ समजावणार, मग स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहून देणार, आम्ही ती वहीत उतरवणार, दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून दाखवायची. दहावीला तर जानेवारीपासून जादा तास, मागच्या वर्षांचे पेपर, कच्च्या पोरांसाठी पासिंग पॅकेज, म्हणजे पास होण्यापुरते ठरावीक प्रश्न. आमच्या शिक्षकांनी आमच्यासाठी जीव काढला, रात्री घरी येऊन पोरं अभ्यासाला बसलीत का बघणारे सर होते, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे आणि तो कायम राहील. पण त्या पद्धतीत ताट वाढून समोर येत होतं. पुस्तकातलं एक पान स्वतः उघडायचं, कुणी न शिकवता वाचायचं, कुठं अडलं ते शोधायचं, ही सवय लागायला जागाच नव्हती.

कॉलेजात काय होतंय, सर येतात, हजेरी घेतात, फळ्यावर डेरिव्हेशन, म्हणजे सूत्र कसं निघालं ते लिहितात, दोन उदाहरणं सोडवतात आणि बाकीची तुम्ही करा म्हणून पुढं जातात. ते सर वाईट असतात असं नाही, समोर मोठा वर्ग आणि फेब्रुवारीच्या आत संपवायचं पोर्शन. वही कुणी तपासत नाही. उत्तरं कुणी लिहून देत नाही. एक धडा समजला नाही तोवर दुसरा सुरू झालेला असतोय, आणि दुसरा पहिल्यावर उभा असतोय. इथं पोरं गप्प होतात. घरी सांगतात इंग्लिश कळंना झालंय, आणि घरचे मान हलवतात कारण त्यांना तेच उत्तर अपेक्षित असतंय.

आता मी एक गोष्ट सांगते जी मला फार उशिरा कळली आणि जी फर्स्ट पीयूसीच्या प्रत्येक पोराला पहिल्याच आठवड्यात सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतंय. फिजिक्सच्या पहिल्याच काही धड्यांत मोशन इन अ स्ट्रेट लाइन येतंय. नववीत आपण हेच शिकलेलो असतो, व्ही इज इक्वल टू यू प्लस ए टी आणि बाकीची दोन सूत्रं, आणि ती आलेखावरनं काढलेली असतात, वेग आणि काळाचा आलेख, त्याच्या खालचं क्षेत्रफळ. पीयूसीत तीच सूत्रं येतात पण काढायची पद्धत कॅल्क्युलसची, म्हणजे बदल किती वेगानं होतोय ते काढायच्या गणिताची. सर फळ्यावर डीएक्स बाय डीटी लिहितात आणि पुढं जातात. हे डीएक्स बाय डीटी मॅथ्समध्ये कधी शिकवतात? मॅथ्सच्या पुस्तकात लिमिट्स अँड डेरिव्हेटिव्हज हा धडा पार शेवटाकडं आहे, म्हणजे वर्ष संपत आल्यावर. इंटिग्रेशन तर सेकंड पीयूसीत. व्हेक्टरचंही, म्हणजे सदिशांचंही, तसंच, फिजिक्सला पावसाळ्यात लागतात आणि मॅथ्समध्ये नीट शिकवतात सेकंड इयरला. म्हणजे फिजिक्सला जे हत्यार जूनमध्ये पाहिजे ते मॅथ्स तुम्हाला पुढच्या वर्षी देणार. इंग्लिश मीडियमच्या पोरालाही तिथं काही कळत नसतंय! फक्त त्याच्याकडं इंग्लिशचं कारण नसतंय म्हणून तो कुणाला तरी विचारतो, क्लासला जातो, दादाकडनं समजून घेतो, आणि आपलं पोर मीडियमला दोष देऊन गप्प बसतंय.

याच्यावर उपाय आहे आणि तो लहान आहे. फिजिक्सपुरतं कॅल्क्युलस एखाद्या सीनियरकडनं दोन-चार संध्याकाळी बसून शिकून घ्यायचं. टी च्या घाताचं डेरिव्हेटिव्ह कसं काढायचं, म्हणजे घात खाली आणून गुणायचा आणि घातातनं एक कमी करायचा, एवढं पहिलं. समजा वस्तूची जागा एक्स बरोबर ५ टी स्क्वेअर मीटर अशी दिली असली तर वेग होणार १० टी, आणि दोन सेकंदाला वेग किती, तर २० मीटर प्रति सेकंद. बस. मग त्याचा अर्थ काय तर आलेखाचा त्या जागचा चढ. एवढं आलं की मोशनचे दोन्ही धडे वाचता येतात, सरांनी फळ्यावर काय केलं ते कळायला लागतंय, आणि मुख्य म्हणजे आपण मठ्ठ नाही हे पोराला स्वतःला कळतंय. माझ्या भावाला मी हे सुट्टीतच शिकवणार आहे, त्याला मराठीतच शिकवणार आहे, चिन्हं तीच असतात.

ट्रिग्नोमेट्रीचंही जरा सांगते. दहावीत काटकोन त्रिकोण, कोन ०, ३०, ४५, ६०, ९० एवढेच आणि त्यांचा तक्ता पाठ. पीयूसीत रेडियन येतंय, १८० अंश म्हणजे पाय (π) रेडियन, कोन ९० च्या पलीकडं जातोय, चारही क्वाड्रंटमध्ये चिन्हं बदलतात, सूत्रांचं एक अख्खं पान येतंय. तो तक्ता पाठ असला तर पुढचं सोपं जातंय, विसरला असाल तर सुट्टीत परत पाठ करा. केमिस्ट्रीत मोल. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, त्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढे रेणू. पहिला धडा आहे म्हणून पोरं पटकन पुढं पळतात, पण पुढं लॅबमधलं टायट्रेशन, गॅसचे नियम, सोल्यूशनची कॉन्सन्ट्रेशन सगळं याच्यावर चालतंय. हा एक धडा कच्चा ठेवू नका, बाकी काही मागं राहिलं तर चालेल.

आता इंग्लिशकडं येते, कारण ते अर्धं तरी खरं आहे म्हणाले होते.

त्यातले टेक्निकल शब्द ही काही मोठी अडचण नाही, बल म्हणजे फोर्स, जडत्व म्हणजे इनर्शिया, संवेग म्हणजे मोमेंटम, धड्याच्या सुरुवातीला यादी केली आणि आठवडाभर वापरलं की बसतात, कारण त्याच्या मागची कल्पना आपल्याला मराठीत आधीच कळलेली असते. ज्याला जडत्व खरंच समजलंय त्याचं इनर्शियापाशी काही अडत नाही. अडतंय ते वाक्यापाशी. तीन ओळींचं एक वाक्य असतंय, त्यात प्रोव्हायडेड, व्हेअरॅज, हेन्स, विथ रिस्पेक्ट टू असे जोडणारे शब्द असतात, आणि आपण एकेक शब्दाचा अर्थ काढत शेवटाला पोचतो तोवर सुरुवात विसरलेली असते. हे व्याकरणाच्या क्लासला जाऊन सुटत नाही. हे वाचूनच सुटतंय.

मला जे सगळ्यात उपयोगी पडलं ते हे की, जे धडे आपल्याला मराठीत पक्के येतात तेच आधी इंग्लिशमध्ये वाचायचे. नववी-दहावीच्या विज्ञानाचं इंग्लिश पुस्तक घ्यायचं, एनसीईआरटीच्या वेबसाइटवर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, आणि गती, बल, रासायनिक अभिक्रिया, वीज हे धडे एकेक करून वाचायचे. विषय माहीत असल्यामुळं सगळं लक्ष वाक्याकडं देता येतंय, या ठिकाणी हे म्हणत असणार असा अंदाज येतोय आणि अंदाज बरोबर निघाला की हुरूप वाढतोय. दहावीची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये संपते, कॉलेज जूनमध्ये, मधले दिवस याच्यासाठीच आहेत. काही कॉलेजं सुरुवातीला ब्रिज कोर्स घेतात, असेल तर एकही तास चुकवू नका, पण त्याच्यावर विसंबून सुट्टी घालवू नका. एखाद्या संज्ञेपाशी अडलं तर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश नेटवर बघता येतात, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित सगळ्याचे आहेत. हे मला कॉलेजात गेल्यावर खूप दिवसांनी सापडले, तुम्ही आधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि एक, कुणी तरी तुम्हाला सांगणार की आता मराठीत विचार करायचं सोडा. सोडू नका. डोक्यात मराठी राहू दे, प्रश्न मराठीत उलगडा, स्वतःशी मराठीत बोला, आणि कागदावर इंग्लिशमध्ये लिहा. मी आजही अवघड गणित आलं की आधी मराठीतच पुटपुटते. शाळेत आपल्याला ज्या भाषेत समजलं तो पाया मजबूत आहे, त्याच्यावर उभं राहायचं सोडून तो उकरून टाकण्यात काय अर्थ आहे?

आमच्या भागात अजून एक भाषा मध्ये येतेच. लेक्चर इंग्लिशमध्ये असतंय पण वर्गाला कळत नाही असं दिसलं की सर कन्नडमध्ये समजावतात, तिळीतेन? म्हणजे कळलं काय? म्हणून विचारतात आणि अर्धा वर्ग हो म्हणतो. आमचं कन्नड बाजारापुरतं, बसमधल्या कंडक्टरपुरतं आणि परीक्षेत निबंध लिहिण्यापुरतं. त्यामुळं जे सोपं करून सांगितलेलं असतंय तेच आपल्यापर्यंत पोचत नाही. पहिल्या महिन्यात मला याचं फार वाईट वाटायचं. मग माझ्या शेजारी बैलहोंगलकडची एक मुलगी बसायला लागली, कन्नड मीडियमची, आणि बघता बघता लक्षात आलं की तिची अवस्था अगदी माझ्यासारखीच आहे, तिलाही पुस्तकातली वाक्यं जड जात होती, तीही गावाकडनं आलेली, तिच्याही घरी कॉलेजला गेलेली ती पहिलीच. आम्ही ठरवून टाकलं, सरांनी कन्नडमध्ये जे सांगितलं ते तिनं मला दुपारी सांगायचं, आणि मॅथ्स मी तिला सोडवून दाखवायचं. आमचं बोलणं निम्मं कन्नड, निम्मं हिंदी, मध्ये मध्ये मराठी, आणि वहीत इंग्लिश. सीमाभागात दोन्हीकडं एकमेकांबद्दल काय काय बोललं जातं ते आपण सगळे ऐकत मोठे झालो, तिच्या घरीही, माझ्या घरीही. पण त्या टेबलावर आम्हाला एकमेकींची गरज होती आणि आम्ही दोघीही त्यातनं पास होऊन बाहेर पडलो. म्हणून भावाला मी सांगितलंय, आपल्या गावच्या पोरांबरोबरच घोळका करून बसू नको, कन्नड मीडियमचा एखादा दोस्त कर, त्यालाही तुझी तेवढीच गरज असणार.

लॅबबद्दल मला जास्त लिहायचंय कारण मराठी शाळेतल्या पोरांना तिथं खरी संधी असते आणि बहुतेक जण मागं उभं राहून ती घालवतात. आमच्या शाळेत प्रयोग म्हणजे बाई टेबलावर करून दाखवणार आणि आम्ही बघणार, कारण सामान एवढंच. पीयूसीत पहिल्यांदा व्हर्नियर कॅलिपर हातात येतं. मेन स्केलवरचा सगळ्यात लहान भाग १ मिलिमीटर, व्हर्नियरवर १० भाग, म्हणून लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं लहानात लहान माप, ०.१ मिलिमीटर. स्क्रू गेजची पिच १ मिलिमीटर आणि गोल स्केलवर १०० भाग, म्हणून ०.०१ मिलिमीटर. हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, पण तारेचा तुकडा मध्ये धरून स्वतः तीन-चारदा रीडिंग घेतलं की कायमचं बसतंय. इथं इंग्लिश लागत नाही, हात आणि नजर लागते. शेतातल्या कामाची, घरातल्या कामाची सवय असलेल्या पोरांचे हात नेमके असतात, हे मी स्वतः बघितलंय. टायट्रेशनला ब्युरेटमधनं अल्कली थेंब थेंब सोडायची, खाली फ्लास्कमध्ये अॅसिड आणि फिनॉलफ्थॅलिन, आणि एका थेंबाला रंगहीन पाणी फिकट गुलाबी होतंय आणि गुलाबीच राहतंय. तो थेंब पकडायला घाई चालत नाही. माझ्या वेळी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला ७० मार्क थिअरी आणि ३० प्रॅक्टिकल असे होते, म्हणजे तीन विषयांचे ९० मार्क लॅबमध्ये मिळायचे. ग्रुपमध्ये चौघं असले तर पुढं होऊन उपकरण हातात घ्या, रीडिंग दुसऱ्याचं उतरवू नका, आणि रेकॉर्ड, म्हणजे प्रयोगवही, त्याच आठवड्यात लिहून सही घ्या. साठवून ठेवलं की जानेवारीत नुसतं लिहिण्यातच रात्री जातात आणि अभ्यासाचा वेळ तिथं खर्च होतोय.

वेळ. गावाकडनं येणाऱ्या पोरांचा दिवस बसच्या हातात असतोय. सकाळची बस गाठायची, सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला उतरायचं, तिथनं दुसरी बस किंवा चालत, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत दिवेलागण. घरी भाताची लावणी असली की शेतात जायलाच लागतंय, रताळी काढायच्या वेळीही तसंच, आणि त्याला पर्याय नाही, घर त्याच्यावर चालतंय. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायका-मुलींना सरकारी बसचं भाडं नाही, त्यामुळं आमच्या भागातल्या मुलींना कॉलेजला पाठवताना घरचे जे भाड्याचं कारण पुढं करायचे ते बंद झालं, हे फार मोठं झालं. पण वेळ कुणी परत देत नाही. म्हणून दोन गोष्टी. एक, दोन लेक्चरच्या मधला तास किंवा बसची वाट बघायचा वेळ कॉलेजच्या रीडिंग रूममध्ये घालवा, तिथं जे होतंय ते घरी होत नाही. दुसरी, आज जे शिकवलं ते आजच एकदा बघा, अर्धा तास का असेना.

ते कसं बघायचं यालाही महत्त्व आहे. शाळेत आपण परत परत वाचून पाठ करायचो. ते तेवढ्यापुरतं राहतंय. २००६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला होता, काहींना एक उतारा दोनदा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून मग पुस्तक बाजूला ठेवून आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढं होते. पण आठवड्यानं विचारलं तर लिहून बघणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के होतं आणि नुसतं वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. मला हे बीएस्सीला आल्यावर कळलं पण पीयूसीत मी नकळत तेच करत होते, घरी वीज गेली की अंधारात बसून आजचं डेरिव्हेशन मनात पहिल्यापासून मांडायचे आणि जिथं अडेल तिथं उजेड आल्यावर पुस्तक उघडायचे. कोरा कागद घ्या, पुस्तक मिटा, आणि लिहा. अडेल. जिथं अडलं तेवढंच वाचा. इंग्लिशही याच्यातच सुधारतंय, कारण वाक्य आपलं आपल्याला जुळवायला लागतंय.

ट्यूशनचा विषय घरात निघणारच. बेळगावात क्लासची कमी नाही आणि पहिल्या टेस्टचे मार्क बघून बाप घाबरून फी भरायला तयार होतो, कधी व्याजानं पैसे काढून. माझं मत स्पष्ट आहे, पहिले दोन-तीन महिने क्लास लावू नका. कॉलेज, बस, क्लास, परत बस, एवढं झालं की पुस्तक वाचायला उरतंय काय? क्लासमध्येही शेवटी कुणी तरी दुसराच तुमच्यासाठी पुस्तक वाचतोय, म्हणजे शाळेचीच सवय पुढं चालू. अर्धवार्षिक परीक्षेनंतर बघा, तोवर स्वतः वाचून कळलं असेल की मला नेमका कुठला विषय जड जातोय, मग त्या एका विषयाला लावा. सीईटीची तयारी करायची असेल तर सेकंड इयरला लागतेच, तिथं ८० मिनिटांत ६० प्रश्न, तो वेगळा सराव आहे, पण त्याचाही पाया पुस्तक स्वतः वाचलेलं असण्यातच आहे.

कॉमर्सला जाणाऱ्यांनी हे सगळं सायन्सवाल्यांचं म्हणून सोडू नका. अकाउंटन्सी दहावीपर्यंत कुणीच शिकलेलं नसतंय, सगळे शून्यातनं सुरू करतात, त्यामुळं मराठी मीडियमचं पोर तिथं मागं नसतंयच. डेबिट-क्रेडिटचे नियम पहिल्या महिन्यात रोज एन्ट्री लिहून पक्के केले की पुढं लेजर, ट्रायल बॅलन्स आपोआप जमतंय.

आता घरच्यांसाठी, आणि हे मी हात जोडून लिहिते. पहिल्या टेस्टचे मार्क बघून निर्णय घेऊ नका. ऑगस्टमध्ये ज्या पोराला काही कळत नसतंय त्यालाच जानेवारीत कळायला लागलेलं मी कितीतरी वेळा बघितलंय. आमच्या भागात पोराचे मार्क कमी आले तर त्याला क्लास लावतात आणि पोरीचे कमी आले तर तिला म्हणतात, बस झालं आता, आणि स्थळं बघायला सुरुवात होते. माझ्याबरोबर शाळेत माझ्यापेक्षा चांगलं गणित येणाऱ्या मुली होत्या. त्यातल्या काही पहिल्या वर्षातच घरी बसल्या, त्यांना कळत नव्हतं म्हणून नाही, त्यांना कळायला जेवढे महिने लागणार होते तेवढे कुणी दिले नाहीत म्हणून. मला याचा आजही राग येतो. आई, बाबा, काका, आत्ती, जे कुणी वाचत असाल, तुमच्या पोरीला एक अख्खं वर्ष द्या. मार्क किती पडले विचारण्याआधी आज कुठला धडा वाचलास एवढं विचारा, तुम्हाला त्यातलं कळत नसलं तरी विचारा, ती सांगायला लागली की तिचं तिलाच नीट कळतंय.

पुढं डिग्रीला गेल्यावर तर एक ठरलेलं पुस्तकही राहत नाही. सिलॅबसचा कागद मिळतो, त्यात टॉपिकची नावं आणि खाली संदर्भग्रंथांची यादी, आणि सेमिस्टर बघता बघता संपतं. कुठल्या पुस्तकातला कुठला भाग घ्यायचा हे आपणच लायब्ररीत बसून ठरवायचं. पीयूसीत ज्यांनी स्वतः वाचायची सवय लावून घेतली त्यांना हे जमलं, ज्यांनी क्लासच्या नोट्सवर दोन वर्षं काढली त्यांना परत पहिल्यापासून शिकायला लागलं, आणि ते जास्त अवघड गेलं कारण आता वय आणि अपेक्षा दोन्ही वाढलेल्या.

आमच्या गावात वाचनालयाच्या खोलीत या रविवारपासून कॉलेज सुरू होईपर्यंत रोज सकाळी बसायचं आम्ही डिग्रीला असलेल्या तिघी-चौघींनी ठरवलंय. नववीचा मोशनचा धडा इंग्लिशमधनं, मग डेरिव्हेटिव्हची ओळख, मग मोल, वेळ उरला तर ट्रिग्नोमेट्री. फी काही नाही. पोरांनी वही आणि पेन आणायचं, धड्याची झेरॉक्स आम्ही काढून ठेवलीय. धडा मात्र पोरांनीच मोठ्यानं वाचायचा, आम्ही फक्त शेजारी बसणार आणि अडलं तर सांगणार. शेजारच्या गावातल्या कुणाला यायचं असेल तर या, आणि तुमच्या गावात तुम्ही सुरू करणार असाल तर आमच्या झेरॉक्सचा सेट नेऊन त्याच्या कॉपी काढा.